थायरॉईडच्या गोळीने हाडं ठिसूळ होतात का?

रामबागची_मावशी
वय 61, इंदूर. रंगपंचमीला गेर (रंगाची मिरवणूक) बघायला राजवाड्याकडे गेलेसुद्धा नाही. घरच्याच ओट्यावर रंगाच्या पाण्यावरून घसरले, हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा पडण्याने मोडायला नको होतं. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करायला लावली. मणक्यांचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना) उणे 2.7. म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ. रक्तात टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) 0.04, म्हणजे फारच खाली.

थायरॉईड कमी म्हणून 14 वर्षं थायरॉक्सिनची 125 मायक्रोग्रॅमची गोळी घेते आहे. सुरू केली तेव्हा वजन 74 होतं, आता 58. हे गेले त्यानंतर उतरत गेलं. शेवटची तपासणी 2019 ची, तेव्हा टीएसएच ठीक होता. त्यानंतर कोपऱ्यावरच्या मेडिकलवाला पाकीट देत राहिला, मी घेत राहिले. चूक माझीच.

आता शेजारीण म्हणून राहिली आहे, गोळीच बंद कर, तिनेच हाडं खाल्ली. पण गळ्यातल्या ग्रंथीचा मनगटाशी संबंध काय? "होतं असं" हे उत्तर मला चालत नाही. 30 वर्षं गणित शिकवलं, मुलांचंही चालवून घेतलं नाही.

पोहे_जिरावन
मावशी, बंद नका करू! माझ्या काकूंनी केली होती. चार महिन्यांत चेहरा सुजला, दिवसभर झोपून राहायच्या. कॅल्शियम मात्र आजपासून सुरू करा. सकाळी थायरॉईडच्या गोळीसोबतच घ्या, म्हणजे विसरायला नको.

लष्करकर
(ग्वाल्हेर. शरीरक्रियाशास्त्र शिकवायचो, डॉक्टर नव्हे.)

पोहेवाले, पहिला सल्ला बरोबर, दुसरा चूक. कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतं आणि गोळी वाया जाते. दोन्हींत चार तास अंतर हवं. लोहाच्या गोळीचंही तेच.

ताई, आता तुमचं गणित. हाड हा दगड नाही, त्याची डागडुजी आयुष्यभर चालू असते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड खोदतात, ऑस्टिओब्लास्ट तो खड्डा भरतात. एका खड्ड्याची खोदण्यापासून भरण्यापर्यंतची फेरी साधारण 200 दिवसांची. थायरॉईड हार्मोन जास्त झालं की ती जवळपास निम्म्यावर येते, फार कमी झालं तर 700 दिवसांपर्यंत लांबते. घाईत खोदणं उरकतं, पण भरणाऱ्यांना वेळ पुरत नाही. दर फेरीला त्या खड्ड्यातलं सुमारे 10 टक्के हाड भरायचं राहून जातं. शिवाय एकाच वेळी जास्त ठिकाणी खोदकाम सुरू होतं. पुढचा गुणाकार तुम्ही करा.

ही घाई लावतं टी-3, म्हणजे थायरॉईड हार्मोनचं प्रत्यक्ष काम करणारं रूप. गोळीतल्या थायरॉक्सिनपासून (टी-4) शरीर ते बनवतं. ते भरणाऱ्या पेशींच्या केंद्रकात शिरतं, आणि त्याच पेशी रँकल नावाचं प्रथिन वाढवून खोदणाऱ्यांना बोलावणं धाडतात! म्हणजे गवंडीच पाडकाम करणाऱ्यांना हाक मारतो. त्यात पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेनचा लगामही सुटलेला असतो, म्हणून तुमच्या वयाच्या बायकांना फटका जास्त. हे ज्ञान नवं नाही. थायरॉईड वाढून दगावलेल्या एका तरुणीची हाडं किडीने पोखरल्यासारखी दिसली, असं फॉन रेक्लिंगहाउझेन या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने 1891 मध्येच लिहून ठेवलं आहे.

म्हणजे दोष गोळीचा नाही, जास्तीच्या गोळीचा. थायरॉईड हार्मोन जास्त झालं की टीएसएच खाली जातो, तुमचा 0.04 तेच सांगतो. ग्रंथी जवळपास बंदच असेल तर वजनाच्या किलोला 1.6 मायक्रोग्रॅम असा ढोबळ हिशेब असतो. 74 ला 118 येतात, 58 ला 93. डोस तोच राहिला, तुम्ही घटलात. आणि त्या 16 किलोंतले काही किलो या जास्तीच्या गोळीनेच उतरवले नसतील कशावरून? छातीत धडधड, हात थरथरणं होतं का?

नारायणबाग_04
माझ्या आईचा टीएसएच डॉक्टर मुद्दाम खाली ठेवतात, थायरॉईडचा कॅन्सर काढला होता. तिनेही डोस कमी करायला सांगावं का?

लष्करकर
नाही, तिथे तो उपचारच आहे. हाडांकडे लक्ष ठेवायला मात्र त्यांच्याच डॉक्टरांना जरूर सांगा.

रामबागची_मावशी
धडधड होत होती. मला वाटलं, एकटं राहण्याची असेल.

गुणाकार केला. वजन उतरायला लागलं 2021 ला, तेव्हापासून धरलं तर चार वर्षं, 1460 दिवस. सातच्या ऐवजी 14 फेऱ्या. दर फेरीला दहा टक्के, म्हणजे हाड उरायलाच नको?

लष्करकर
मांडणीत एक चूक आहे, मास्तरीणबाई. दहा टक्के त्या खड्ड्याचे, अख्ख्या हाडाचे नव्हेत. आणि एकच खड्डा लागोपाठ खोदला जात नाही. म्हणून तर मनगट जोडायला शिल्लक आहे. डोस बरोबर झाला की गेलेलं काही अंशी भरूनही येतं. पण तुमचं हाड मोडून झालंय, तेव्हा हाडांसाठी वेगळं औषध हवं का, हेही विचारा.

रामबागची_मावशी
काल जाऊन आले. 125 ची 88 केली, सहा आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. हाडांचं औषध ड जीवनसत्त्वाचा रिपोर्ट आल्यावर ठरेल. कॅल्शियम दुपारी जेवणानंतर. शेजारणीला खड्ड्यांचं सांगितलं तर म्हणे, हे तर आपल्या गल्लीसारखंच झालं.

125 ची न उघडलेली तीन पाकिटं घरात आहेत. मेडिकलवाला परत घेऊन नाही राहिला.