प्लँट राहू दे, आधी बॅरल ठेवा
महापालिकेने अनुदान देऊन गाड्यांच्या जळक्या, म्हणजे वापरलेल्या ऑइलचा रिसायकलिंग प्लँट सांगलीतच उभा करावा, ही सूचना वाचली. तळमळ पटते, पण पैसा तिथे घालू नये असं मला वाटतं. शंभरफुटी रस्त्यावर माझं गॅरेज आहे, रोज बघतो ते लिहितो.

मोटरसायकलचं ऑइल बदललं की लिटरभर काळं ऑइल निघतं. ट्रेमधून डब्यात, डबा भरला की बॅरलमध्ये. त्यातलं बरंचसं स्लॅबचे सेंट्रिंगवाले काँक्रीट चिकटू नये म्हणून प्लेटांना लावायला नेतात, कोणी चौकटीला वाळवी लागू नये म्हणून बाटलीभर मागतं. उरलेलं भंगारवाला उचलतो. पहिल्या पावसात गटारीवर रंगीत तवंग दिसला की पोटात कालवतं. हे पाणी शेवटी कृष्णेलाच मिळतं.

१ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलच्या रिसायकलिंगची जबाबदारी नियमानेच उत्पादक आणि आयातदार कंपन्यांवर आली आहे. म्हणजे प्लँटचं काम त्यांचं, आपल्याकडे अडतंय ते ऑइल गोळा करण्यात. एकेका गॅरेजच्या वीस लिटरसाठी जळकं ऑइल नेणाऱ्या नोंदणीकृत कंपनीची गाडी कोण पाठवणार? प्रभागात झाकणाचं बॅरल, खाली सांडलेलं धरणारा ट्रे आणि महिन्याला एक फेरी, एवढ्याला निधी द्या. आणि हो, कूलंट किंवा पेट्रोल मिसळलेलं ऑइल त्यात अजिबात घेऊ नये, अख्खं बॅरल खराब होतं.

मिरज-कुपवाडचे गॅरेजवाले बरोबर येत असतील तर आयुक्तांना निवेदन एकत्रच देऊ.