मदत हवी आहे: रेडिओसाठी डेमो कसा करावा?

नमस्कार मंडळी. प्रसारणाचा अभ्यासक्रम करतेय, शेवटचं वर्ष आहे. ओढा रेडिओकडे, पण नुसता आवाज बरा असून भागत नाही हे एव्हाना कळलंय.

सध्या डेमो, म्हणजे रेडिओवाल्यांना ऐकवायचा माझ्या आवाजाचा नमुना, तयार करतेय. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर. घोडं अडलंय ते आवाजाच्या पातळीपाशी. मीटर कुठेच लाल होत नाही, तरी बातमी दबकी वाटते आणि जाहिरात अंगावर येते. मीटरवरचं शिखर वेगळं आणि कानाला जाणवणारा मोठेपणा वेगळा, आणि युरोपातल्या प्रसारणात त्यासाठी उणे २३ एलयूएफएस (जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) धरतात, इथवर समजलं. पण ईमेलने पाठवायच्या दीड मिनिटाच्या डेमोलाही तेच लावायचं, की थोडं वर ठेवायचं?

दुसरं म्हणजे 'प', 'फ', 'भ' आले की माइकवर हवेचा धक्का बसतो. माइक लांब नेला की धक्का जातो, पण खर्जही पातळ होतो. माइक तिरका ठेवून जवळूनच बोलायची सवय तुम्ही कशी लावलीत? (पॉप फिल्टर, म्हणजे माइकपुढची हवा अडवणारी जाळी, आहे, पण प्रत्येक स्टुडिओत असेलच असं नाही.)

डेमोत बातमी, मुलाखतीचा तुकडा आणि उत्स्फूर्त निवेदन घ्यायचा विचार आहे. सुरुवात कशाने करू? मला वाटतं निवेदनाने, कारण बातमी सगळेच साधारण सारखी वाचतात. निवड करणाऱ्यांपैकी कुणी इथे असेल तर पहिल्या दहा सेकंदांत काय ऐकता ते जरूर सांगा. मुलाखतीत प्रश्न विचारणारी मी जास्त ऐकू यावी की समोरचा, हेही.