मदत हवी आहे : वाईच्या खोऱ्यातील हिवाळी धुक्याचे छायाचित्रण

नमस्कार.

गेली तीन वर्षे डिसेंबर-जानेवारीत मी पुण्याहून वाईला जाताना राष्ट्रीय महामार्ग ४८ कापूरहोळला सोडतो आणि भोर, मांढरदेव असा आतला रस्ता धरतो. पहाटे साडेचारला निघाले की उजाडण्याच्या सुमारास मांढरदेवच्या घाटात पोहोचता येते. वरच्या वळणांवरून पाहिले तर कृष्णेचे खोरे धुक्याने भरलेले असते, त्यातून आंब्याचिंचेच्या झाडांचे शेंडे आणि एखाद्या देवळाचा कळस तेवढा वर आलेला दिसतो, आणि वाड्यावस्त्यांतल्या चुलींचा धूर थोडा वर चढून एका पातळीवर आला की आडवा पसरतो. रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन लवकर निवते, गार व जड हवा खोऱ्यात उतरून साचते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. धूर त्या झाकणालाच अडतो. डोळ्यांना इतके स्पष्ट दिसणारे हे थर माझ्या छायाचित्रांत मात्र एकमेकांत मिसळून सपाट होतात, आणि त्यावर मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

माझ्याकडे एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा साधा कॅमेरा, १८-५५ व ५५-२५० मिमी अशा दोन लेन्स आणि ट्रायपॉड आहे. छायाचित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात घेतो. समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरून कॅमेरा प्रकाश मोजतो आणि त्यामुळे पांढरे धुके मळकट येते, एवढे मला समजले आहे. म्हणून एक्स्पोजर (सेन्सरवर पडू दिलेला प्रकाश) एका स्टॉपने, म्हणजे दुपटीने, वाढवून पाहिले आणि सूर्योदयापूर्वी त्याचा उपयोगही झाला. खरी अडचण सात वाजून गेल्यावर सुरू होते. जानेवारीत सूर्य पूर्वेच्या सुमारे २३ अंश दक्षिणेला उगवतो आणि घाटातून वाईकडे पाहताना आपले तोंड दक्षिणेलाच असते, त्यामुळे तो चौकटीच्या डावीकडे येतो आणि त्या बाजूचे धुके पूर्ण पांढरे होऊन त्याचा पोत नाहीसा होतो. एक्स्पोजर कमी करावे, तर उजवीकडची गावे काळवंडतात. ग्रॅज्युएटेड फिल्टर (वरचा भाग गडद आणि खालचा पारदर्शक असलेली काच) घेण्याचा विचार आहे, परंतु क्षितिजावर वैराटगडासारखे डोंगर वर आलेले असताना फिल्टरची आडवी कड त्यांचे माथेही काळे करील, अशी मला शंका वाटते. त्यापेक्षा ट्रायपॉडवर लागोपाठ दोन-तीन एक्स्पोजर घेऊन ती नंतर जोडणे बरे का? धुके सरकत असते, तेव्हा जोडकाम उघडे पडत नाही का?

दुसरा प्रश्न रंगाचा आहे आणि तो मला अधिक सतावतो. व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगानुसार चित्राचे रंग जुळवणारी सोय) ऑटोवर ठेवला की कॅमेरा पहाटेची निळसर छटा दोष समजून काढून टाकतो आणि थंडीच निघून जाते. व्हाइट बॅलन्स सुमारे ५५०० केल्विनवर, म्हणजे दिवसाच्या उन्हाच्या रंगावर, स्थिर केला की निळाई राहते आणि शेकोटीचा तांबूस उजेडही खुलतो, पण मग वाळत आलेल्या हळदीची पाने आणि शाळूची ताटे यांवरही तीच निळाई चढते व चित्र नाटकी वाटू लागते. त्या वेळी खोरे खरोखर किती निळे होते आणि घरी संगणकावर मी ते किती निळे केले, यातला फरक मला दोन दिवसांनी सांगता येत नाही. आपण याचा पडताळा कसा ठेवता? तिथेच राखाडी कार्डाचे (रंग जुळवण्यासाठी वापरायच्या, कोणतीही छटा नसलेल्या करड्या कार्डाचे) एक छायाचित्र घेऊन ठेवण्याचा उपयोग होतो का?

दवाचा त्रासही आहेच. गार झालेला कॅमेरा गाडीत नेल्यावर काचेवर धरणारी वाफ मी थांबवू शकलो आहे, कारण आत बसण्यापूर्वी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधतो. मात्र ट्रायपॉडवर तासभर उघड्या आकाशाखाली उभ्या असलेल्या लेन्सवर दव पडते, आणि पुसले तरी पाच मिनिटांत पुन्हा तेच होते. लेन्सभोवती काही उबदार गुंडाळणारे कोणी असल्यास कृपया सांगावे.

शेवटचा प्रश्न कॅमेऱ्याचा नाही. हे दिवस ऊसतोडणीचे असल्याने घाट उतरल्यावर रस्त्याकडेला तोडकऱ्यांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) लागतात, आणि आम्ही तिथे पोहोचेपर्यंत बायका पाचटाच्या (उसाच्या वाळक्या पानांच्या) जाळावर भाकरी करून फडाकडे, म्हणजे तोडणीच्या शेताकडे, निघालेल्या असतात. मी कॅमेरा गाडीतच ठेवून आधी बोलतो. मागच्या खेपेला एका बाईंनी विचारले, “फोटू काढून काय करणार, दादा?” घरी लावीन, लोकांना दाखवीन, याखेरीज मला उत्तर सुचले नाही, आणि ते पुरेसे वाटले नाही म्हणून मी छायाचित्र न काढताच निघालो. छापील प्रत आणून देईन असे सांगावेसे वाटले होते, परंतु हंगामात टोळी फडाबरोबर जागा बदलते आणि हंगाम संपला की गावी परतते. दिलेला शब्द मग पाळायचा कसा? अशा फिरत्या माणसांची छायाचित्रे काढून ती त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचा अनुभव कोणाला असल्यास तो सविस्तर लिहावा, ही विनंती.

पौष पौर्णिमेला काळूबाईच्या यात्रेमुळे मांढरदेवच्या रस्त्यावर मोठी गर्दी असते, म्हणून मी त्यानंतरच्या अमावास्येच्या सुमारास जाणार आहे. फिल्टर घ्यायचाच झाला तर तो त्याआधी घ्यावा लागेल.