बिल इव्हान्सची ती रविवारची तबकडी: निवडक सहा चिजा, की अख्खा दिवस?

मंद्र:
काल रात्री जॅझ पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रिकुटाची 'संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' पुन्हा तबकडीवर ऐकली. २५ जून १९६१ला न्यूयॉर्कच्या त्या तळघरातल्या क्लबमध्ये रिव्हरसाइड कंपनीने पाच सत्रं ध्वनिमुद्रित केली, दोन दुपारची, तीन रात्रीची. पियानोवर इव्हान्स, ड्रम्सवर पॉल मोशन, डबल बासवर स्कॉट लाफारो. अकराव्या दिवशी लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५.

म्हणून मग इव्हान्स आणि निर्माते ऑरिन कीपन्यूज यांनी ज्यांत बास पुढे आहे अशा चिजा निवडल्या. सुरुवात 'ग्लोरियाज स्टेप', शेवट 'जेड व्हिजन्स', दोन्ही रचना लाफारोच्याच. दोन बाजू, सहा चिजा. मित्राला दिलेला हा निरोप आहे आणि तो याच क्रमाने, मध्ये उठून तबकडी उलटवत ऐकायला हवा. २००५ साली आलेला तीन सीडींचा संपूर्ण संच माझ्याकडेही आहे. त्यात सगळं आहे, पण हा निरोप विरून जातो.

निषाद:
अजिबात पटलं नाही. निरोप नंतर रचला गेला. त्या रविवारी वाजवताना तिघांपैकी कुणालाच पुढचं ठाऊक नव्हतं, आणि मला तेच ऐकायचं आहे. संपूर्ण संचात 'ग्लोरियाज स्टेप' तीनदा येते. पहिल्या वेळी मध्येच वीज जाते, ध्वनिमुद्रण तुटतं, नंतर पुन्हा जुळतं. 'ऑल ऑफ यू'ही तीनदा. तिन्ही एकापाठोपाठ ऐका, लाफारो एकदाही आधीचं गिरवत नाही. तबकडीवर यातली एकेकच खेप मिळते. लाफारोची थोरवी तिथे सांगितलेली आहे, संचात ती घडताना ऐकू येते.

आणि आवाजाचं म्हणाल, तर तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला साधारण अर्धा मीटर सरकते, आत लेबलाकडे जाताना तो वेग निम्म्यापर्यंत उतरतो. बारकावे आधी तिथे जातात. 'जेड व्हिजन्स' नेमकी तिथेच, आणि ती इतकी हळुवार की खरखर तिच्याहून मोठी वाटते.

मंद्र:
खाचेचं मान्य. पण लेबलाजवळ खरा त्रास होतो तो जोरकस, झगझगीत आवाजांचा. 'जेड व्हिजन्स' म्हणजे बासचे सावकाश, खालचे स्वर, ते तिथे निभावतात. तबकडी स्वच्छ ठेवली तर खरखरही फार उरत नाही.

जुनीसुई:
तुम्ही दोघं दोन वेगळे वाद एकत्र कालवताय. संपूर्ण संच पुढे तबकड्यांवरही निघाला. म्हणजे प्रश्न प्लास्टिकचा नाहीच, निवडीचा आहे. आणि 'तबकडी म्हणजे अस्सल' हे तर मी कधीच मानणार नाही. जॅझ वाद्यवृंदाचा नायक ड्यूक एलिंग्टन, त्याची १९५६च्या न्यूपोर्ट महोत्सवातली तबकडी आठवा. त्याचा सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्व्हिसने सलग २७ आवर्तनं वाजवून लोकांना खुर्च्यांवरून उठवलं, पण तो वाजवत होता तबकडी कंपनीच्या नव्हे, रेडिओच्या मायक्रोफोनमध्ये. तबकडीचा बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून वर टाळ्या चढवल्या होत्या. खरी मैफल नीट ऐकायला १९९९ उजाडावं लागलं, रेडिओचं ध्वनिमुद्रण सापडल्यावर.

निषाद:
हेच तर! निवडणाऱ्याच्या हातात मैफल दिली की ती त्याची होते.

मंद्र:
न्यूपोर्टशी तुलना अन्यायाची आहे. इथे एक स्वरही पुन्हा वाजवलेला नाही. पेल्यांची किणकिण, मागच्या टेबलावरची कुजबूज, सगळं तसंच आहे. फक्त काय आधी आणि काय नंतर, एवढंच ठरवलं, आणि ठरवणाऱ्यांत त्या त्रिकुटाचा पियानोवादक स्वतः होता. ज्याने शेजारी बसून वाजवलं, त्याला हा हक्क नाही, तर कुणाला?

निषाद:
हक्क आहे, मान्य. तरी मला संचातला तो शेवटचा टप्पा हवा. रात्रीच्या अखेरच्या सत्रात 'जेड व्हिजन्स' एकदा वाजवतात आणि लगेच पुन्हा वाजवतात. नवी चीज, अजून बसायची आहे. तबकडीवर त्यातली दुसरी खेप आहे, तीही निरोप होऊन. संचात ती पहिलीनंतर लगेच येते, आणि ऐकताना वाटतं, पुढच्या आठवड्यात आणखी छान जमेल.