तिकीट काढून पाहिलेले अलीकडचे सिनेमे : तुमचा अनुभव सांगा

सासऱ्यांना घेऊन 'दशावतार' पाहून आले. ते मूळचे कुडाळजवळचे. गुडघ्यांमुळे तीन वर्षांत थिएटरची पायरी चढले नव्हते. दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री पडद्यावर आला आणि सासरे माझ्या कानाशी लागले. जत्रेत दशावतारी नाटकाला रात्रभर कसं बसायचे, लिहिलेली संहिता नसतेच, राजा आणि राक्षस समोरासमोर उभे राहून तिथल्या तिथे बोलणं रचतात, बायकांची कामं पुरुषच करतात. दिवसा नांगर धरणारा त्यांचा शेजारी रात्री राजा व्हायचा म्हणे. मागच्या रांगेतून कुणीतरी 'शूऽऽ' केलं. त्यांचं बरोबरच होतं, पण मला सासऱ्यांना थांबवावंसं वाटेना.

सिनेमा म्हणाल तर पूर्वार्ध मला फार आवडला. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने अंगात एवढं बळ आणून काम केलंय की बघत राहावं. उत्तरार्धात गोष्ट सूडाकडे वळते तिथे ती लांबली, आणि वाईट माणसं जरा जास्तच वाईट रंगवली आहेत. पण परत येताना रिक्षात सासरे माझ्याशी मालवणीत बोलत होते. पुण्यात ते मालवणी जवळजवळ बोलतच नाहीत.

म्हणून विचारते. आपण समीक्षक नाही, शनिवारी सवड मिळाली की तिकीट काढणारी माणसं. गेल्या दोन-तीन वर्षांत काय पाहिलंत, कुणाबरोबर पाहिलंत, काय आवडलं, काय खटकलं? मराठी, हिंदी, मल्याळम, भुताचा, प्रेमाचा, कुठलाही चालेल. मोकळेपणाने लिहा.
(कोथरूड)

सदाशिव पेठ, मूळ गाव केज

ताई, मी फक्त एकच सांगतो. 'ट्वेल्थ फेल'.

खोलीतले आम्ही चौघं सकाळच्या खेळाला गेलो होतो, तिकीट स्वस्त होतं म्हणून. त्या वर्षी माझी स्पर्धा परीक्षेची पूर्व परीक्षा तिसऱ्यांदा गेली होती आणि घरी अजून सांगितलं नव्हतं. सिनेमा दिल्लीच्या मुखर्जीनगरचा, तिथे अशाच परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरांचा आहे, पण आम्हाला सगळं आपल्या पेठेतलं वाटत होतं. एका खोलीत पाच कॉट, मेसचा डबा, अभ्यासिकेतली खुर्ची जाऊ नये म्हणून सकाळी सहाला जाऊन ठेवलेली वही. नायक मनोज पिठाच्या गिरणीत काम करतो, पीठ अंगावर घेऊन दिव्याखाली वाचतो. आमच्यातला एकजण रात्री पार्सल पोचवायचं काम करायचा. तो त्यावेळी काहीच बोलला नाही, नुसता पुढे वाकून बसला.

विक्रांत मॅसीला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा अभ्यासिकेत टाळ्या वाजल्या होत्या. पण मला सगळ्यात जवळचा वाटला तो गौरीभैया. त्याचे सगळे प्रयत्न संपलेत, आता चहाचा ठेला टाकून तो बाकीच्या पोरांना मदत करतो. निवड झालेल्यावर सिनेमे निघतात. निवड न झालेला माणूस इतक्या मानाने मी पहिल्यांदा पाहिला.

खटकलं एक. मुलाखतीचा प्रसंग फारच मोठ्या आवाजात झालाय. आमचे सर सांगतात, पॅनेलसमोर असं भाषण केलं तर गुण जातात.

त्याच संध्याकाळी अलका चौकातून वडिलांना फोन केला आणि खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, जेवलास का?

धनकवडी

आईच्या भिशीच्या चौदा बायका नऊवारी नेसून 'बाईपण भारी देवा'ला गेल्या होत्या, मी गाडी चालवायला आणि फोटो काढायला. 2023 चा तो पावसाळा आठवत असेल, सगळीकडे हेच चाललं होतं. मध्यंतरात थिएटरच्या बाहेरच फुगड्या. तिथल्या सफाईच्या मावशींनाही ओढून घेतलं, त्यांनी दोन फेऱ्या घातल्या आणि परत झाडू उचलला.

मला सिनेमा ठीक वाटला. सहा बहिणींच्या सहा गोष्टी, त्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला थोडं थोडंच येतं. वंदना गुप्ते मात्र बाजी मारतात. आई श्रावणात मंगळागौरीचा गट घेऊन जाते, तिची तक्रार निराळी होती. झिम्मा, पिंगा, लाट्या बाई लाट्या यांत खरी मजा पायांची असते आणि कॅमेरा पायांवर पुरेसा थांबत नाही. हे वाक्य मी आजवर कुठल्याही परीक्षणात वाचलेलं नाही, आणि ते शंभर टक्के खरं आहे.

सासवड

भयपटवाले कुणी आहेत का इथे?

'तुंबाड' 2018 मध्ये आला तेव्हा मी बारावीत होतो, आठवड्यात उतरला, हुकला. नंतर मोबाईलवर पाहिला. आमच्या सासवडच्या वाड्यात त्याचं चित्रीकरण झालंय, लहानपणापासून ज्या भिंतीपाशी खेळलो ती भिंत पाच इंची पडद्यावर पाहिल्याची खंत होती. सप्टेंबर 2024 मध्ये तो परत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. मी आणि मित्र रात्रीच्या शेवटच्या खेळाला गाडीवरून पुण्यात आलो.

मोठ्या पडद्यावर कळलं की त्यात पाऊस हेच मुख्य पात्र आहे. तो नळाचा पाऊस वाटत नाही, कारण खऱ्या पावसाळ्यांत, वर्षानुवर्षं थांबून तो चित्रित केलाय. दचकवण्यासाठी मध्येच कर्कश आवाज केलेले नाहीत. भीती हावरटपणाची आहे: नायक विनायकला ठाऊक असतं की खाली काय आहे, तरी सोन्याच्या नाण्यांसाठी तो कणकेची बाहुली घेऊन उतरतो. आणि पुन्हा उतरतो. पावणेदोन तासांत सिनेमा संपतो, एकही मिनिट कापता येणार नाही.

परत जाताना दिवे घाटात पाऊस होता. आम्ही दोघं तासभर एक शब्द बोललो नाही. वडकी नाल्यापाशी चहा घेतला तेव्हा मित्र म्हणाला, 'आजी कशी दिसत होती रे.' बास.

'मुंज्या'ही पाहिला. पुण्यातला मुलगा, कोकणातलं आजोळ, पिंपळावरचा मुंजा, सगळं आपलं. सुहास जोशींची आजी झकास. पण संगणकावर केलेलं ते पात्र इतक्या वेळा आणि इतक्या उजेडात दिसतं की भीती उरत नाही. हसायला मात्र आलं.

बाणेर

वरच्या सासवडच्या दादांना: तुमची भीती उरली नसेल, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीची पुरून उरली! सोसायटीच्या फाटकाशी पिंपळ आहे. दोन महिने ती शाळेची बस पकडायला मागच्या फाटकाने जात होती. लहान मुलांना नेण्याआधी विचार करा, एवढंच.

खडकी, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त

मी सिनेमे कमी पाहतो. 'चंदू चॅम्पियन' नातवासाठी पाहिला, कारण तो पोहतो आणि मुरलीकांत पेटकर हे नाव त्याने ऐकलं नव्हतं. माझ्या पिढीनेही ते किती ऐकलं होतं, हाही प्रश्नच आहे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळा पडलेला जवान 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये सोनं जिंकतो, देशाचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण, आणि पद्मश्री मिळते 2018 मध्ये. मधली सेहेचाळीस वर्षं मला फार टोचली.

सिनेमात गाणी आणि विनोद थोडे जास्त आहेत. कार्तिक आर्यनने अंग चांगलंच कमावलंय, मेहनत दिसते. पण मला सांगायचंय ते दुसरंच. पेटकरांची वेळ 37.33 सेकंद. नातवाची त्या वेळची सर्वांत चांगली वेळ होती 35. तो तेरा वर्षांचा, धडधाकट, दोन्ही पायांनी किक मारणारा. घरी आल्यावर तो म्हणाला, 'आजोबा, मी उद्या पाय बांधून पोहून बघणार.' त्याच्या सरांनी पायांत फक्त पुल बॉय, म्हणजे पाय न मारता पोहण्यासाठीचा तरंगता ठोकळा, धरायला दिला. एकावन्न सेकंद लागले. तलावाच्या काठावर बराच वेळ बसून राहिला पोरगा.

पर्वती पायथा

'लापता लेडीज' थिएटरात पाहायचा राहिला, घरी पाहिला. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी पोळ्या झाल्यावर दहा मिनिटं टेकल्या, त्या शेवटपर्यंत उठल्या नाहीत. हिंदी त्यांना बेताचंच समजतं. पण घुंगटामुळे नवऱ्या बदलल्या, हे कळायला भाषा कशाला लागते. स्टेशनावर ठेला चालवणारी मंजूमाई, म्हणजे आपल्या छाया कदम, फूलने केलेल्या कलाकंदाचे पैसे तिच्या हातावर ठेवते, तिथे मावशी म्हणाल्या, 'माझे पहिले पैसे सासूने घेतले होते. दोनशे चाळीस.' आकडा त्यांना अजून पाठ आहे.

मला रवी किशनचा पान चघळणारा फौजदार सगळ्यात आवडला होता. त्यानंतर आवडीचा क्रम बदलला.

विश्रांतवाडी, परिचारिका

छाया कदमांचं नाव निघालंय म्हणून लिहिते. 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' कुणी पाहिला का? पायल कपाडिया आपल्या लॉ कॉलेज रोडच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली, कान महोत्सवात ग्रां प्री मिळालेला सिनेमा, आणि आमच्या बाजूला दिवसाला एकच खेळ, सकाळी साडेदहाचा. रात्रपाळी संपवून तशीच गेले. अख्ख्या हॉलमध्ये अकरा माणसं.

खरं सांगते, मध्यंतरानंतर पंधरा मिनिटं झोपले. सिनेमा संथ आहे आणि मी बारा तास उभी होते. पण जेवढा पाहिला तो आतपर्यंत गेला. हिंदी सिनेमातली नर्स म्हणजे 'डॉक्टर आले' सांगून बाजूला होणारी. इथे मुंबईत नोकरी करणारी केरळची नर्स प्रभा घरी येते, पाय ओढत, पावसाने ओली, आणि दिवसाचा राग कुठे ठेवायचा ते तिला कळत नाही. जर्मनीला गेलेला नवरा, त्याचा फोन नाही, पत्र नाही, एक दिवस येतो तो भात शिजवायचा कुकर. रात्री ती तो कुकर पोटाशी धरून बसते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या केरळच्या मुलींना मी हे सांगितलं तेव्हा त्यातली एक उठून बाहेर गेली. तिचं कारण मी विचारलं नाही.

छाया कदमांनी केलेल्या पार्वतीची गोष्टही बघा. मुंबईत इतकी वर्षं राहिली, पण खोलीचा एक कागद तिच्यापाशी नाही. शेवटी गाठोडं बांधून रत्नागिरीकडे. मी चिपळूणची. असे किती संसार परत आलेले पाहिलेत.

एक विनंती, अशा सिनेमांचा एखादा संध्याकाळचा खेळ ठेवत जा. नोकरी करणाऱ्या माणसांवर काढलेला सिनेमा नोकरी करणाऱ्यांना पाहता यायला हवा.

चिंचवड

ताईंना पूर्ण पाठिंबा. 'साबर बोंडं'च्या वेळी माझंही हेच झालं. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठा पुरस्कार मिळवणारा मराठी सिनेमा, आणि मला जमेल असा खेळ कुठे मिळेना. शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, मेट्रोने पुण्यात येऊन पाहिला. वडील गेल्यावर दहा दिवस गावी राहिलेला मुलगा आणि त्याचा बालमित्र. सुतकातले नियम, प्रत्येक नातेवाइकाचा 'लग्न कधी' हा प्रश्न, आणि त्यात दोन पुरुषांमधलं प्रेम इतक्या हळुवारपणे येतं की कुठे बोट ठेवून दाखवता येत नाही. पार्श्वसंगीत नाही म्हणून शेजारची दोघं कुजबुजत होती. मला उलट त्यामुळे गावची दुपार ऐकू आली.

एफसी रोड, द्वितीय वर्ष

माझं मत पटणार नाही काहींना. 'सैयारा'ला आमचा सगळा ग्रुप रडला. गाणी मलाही आवडतात, अनीत पड्डा छान आहे. पण मी रडले नाही, मला राग आला.

माझ्या आजीला अल्झायमर होता. चार वर्षं आमच्या घरात होती. विसरणं म्हणजे समुद्राकडे बघत शांत बसणं नसतं. आजी रात्री दोनला दार उघडून 'घरी जायचंय' म्हणायची, आईवर चोरीचा आळ घ्यायची, आणि सहा महिन्यांत आईला एकही रात्र सलग झोप मिळाली नव्हती. सिनेमात नायिकेला हा आजार येतो तो प्रेमाची परीक्षा घ्यायला. कमी वयात होणारा अल्झायमर तर आणखी भयंकर असतो. सांभाळणाऱ्या माणसाची एक रात्र दाखवली असती तरी मी सगळं माफ केलं असतं.

कोंढवा

'मंजुम्मेल बॉईज' पाहा. मल्याळम येत नाही, खालची अक्षरं वाचत पाहिला, पहिल्या अर्ध्या तासानंतर वाचतोय हेही विसरलो. कोडाईकनालच्या गुहेत मित्र पडतो आणि बाकीचे त्याला सोडून जायला तयार होत नाहीत. खरी घडलेली गोष्ट. सिंहगडाला ग्रुपने जाणाऱ्यांनी तर जरूर पाहावा.

हडपसर

'छावा' मुलाबरोबर पाहिला, तो पाचवीत. शेवटचा अर्धा तास त्याने माझ्या दंडात डोकं खुपसून काढला. बाहेर येताना हॉलमध्ये गारद झाली, मोठी माणसं डोळे पुसत होती. माझेही भरून आले.

घरी येऊन विचार केला तेव्हा वाटलं, पूर्वार्धात लढायांवर लढाया आहेत, येसूबाईंना बोलायला जागाच नाही, आणि संभाजी महाराजांचं संस्कृत, त्यांचं लिहिणं, हे मुलापर्यंत पोचलंच नाही. अक्षय खन्नाचा औरंगजेब मात्र न ओरडता धाक घालतो. पुढच्या रविवारी मुलाला तुळापूरला नेलं, तिथून वढू बुद्रुकला. तुळापूरच्या संगमावर भीमा आणि इंद्रायणी दाखवल्या, 1689 सांगितलं. समाधीपाशी त्याने विचारलं, 'ते कविता पण लिहायचे का?' मग 'बुधभूषण'ची गोष्ट निघाली, ती हडपसर येईपर्यंत पुरली.

कोथरूड

हे सगळं सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवतेय. पाय बांधून पोहणाऱ्या नातवाचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. खडकीच्या काकांना त्यांचा नमस्कार. विश्रांतवाडीच्या ताई, तुमचा सिनेमा आम्ही घरीच पाहू, त्यांना मध्ये पाय लांब करावे लागतात.

केजच्या दादा, परीक्षेचं काय झालं पुढे?

सदाशिव पेठ

ताई, पूर्व निघाली, मुख्य दिली आहे, निकाल बाकी. वडील पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा पुण्याला येतायत. त्यांना काय दाखवू? त्यांनी शेवटचा सिनेमा गावच्या जत्रेत, तंबूत पाहिलाय. मराठी असावा आणि दुपारचा असावा, संध्याकाळची गाडी आहे त्यांची.