घरचा फ्रूट कॉबलर: सातारा-सांगलीकरांनो, तुमचे अनुभव सांगा

मार्च संपत आला की साताऱ्यात शेवटच्या तोड्याची स्ट्रॉबेरी येते. फळ बारीक, जरा मऊ, एका अंगाला दबलेलं. नुसती खायला घरात कुणी हात लावत नाही, म्हणून तीन वर्षांपासून मी तिचा कॉबलर करते, म्हणजे फळ आणि पीठ एकत्र भाजून केलेला गोड पदार्थ. रविवारी दुपारी जेवणं झाली की भांडं मधे ठेवायचं आणि चमच्यानं वाढायचं.

माझं प्रमाण असं: काचेच्या भांड्यात 100 ग्रॅम लोणी वितळवून घ्यायचं. 1 वाटी मैदा, पाऊण वाटी साखर, 1 वाटी दूध, दीड चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ फेटून ते पीठ लोण्यावर ओतायचं. ढवळायचं अजिबात नाही. वर अडीच वाट्या फळ पसरायचं आणि 180 अंशांवर 45 मिनिटं भाजायचं. भाजताना पीठ फळांमधून वर येतं, फळ खाली बसतं. ओव्हनच्या काचेतून ते बघायला माझी दोन्ही मुलं जमिनीवर मांडी घालून बसतात.

माझी अडचण एकच आहे. स्ट्रॉबेरीला इतकं पाणी सुटतं की कडा खरपूस होतात पण मधला भाग कच्चा राहतो. तुम्ही काय करता? कुठलं फळ घेता? ओव्हन नसेल तर कसं जमवता? फसलेला प्रयोगही लिहा, त्यातूनच जास्त कळतं.

वाईहून

ताई, फळं चिरून 2 चमचे साखर लावा आणि अर्धा तास चाळणीत ठेवा. खाली जमलेला रस टाकू नका. बारीक आचेवर निम्मा होईपर्यंत आटवा आणि वाढताना वरून सोडा. मी हे शिकले ते दोनदा अख्खं भांडं लगदा झाल्यावर. फळाला 1 चमचा कॉर्नफ्लोअर चोळलं तर उरलेला रसही धरून राहतो.

भिलारहून

आमचं गाव 2017 पासून पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं, पण घरात बोलणं असतं ते स्ट्रॉबेरीचंच. पाचगणीच्या बाजूला उंची सुमारे 1,300 मीटर. इथं दीड चमचा बेकिंग पावडर घातली की पीठ भराभर फुगतं आणि नंतर मधेच बसतं. मी सव्वा चमचा घालतो. थोडी तुतीही मिसळून बघा, रंग असा गडद येतो की पाहुणे आधी जांभूळ समजतात.

कराडहून

माझ्याकडे अजूनही ओव्हन नाही. जुन्या कुकरची रिंग आणि शिट्टी काढते, तळाला 2 वाट्या जाड मीठ, त्यावर कडं. दहा मिनिटं तापवून मग आत भांडं ठेवते आणि मंद आचेवर तासभर. शिजतं छान, पण वर रंग येत नाही. आजी चुलीवर वाळूच्या पातेल्यात नानकटाई भाजायची, झाकणावर निखारे ठेवून. गावी गेल्यावर तसंच केलं, मैद्याऐवजी निम्मी कणीक घेऊन. वरचा थर असा तांबूस आला की आजीनं स्वतःहून दुसऱ्यांदा वाढून घेतलं. नंतर वाचनात आलं की अमेरिकेत पश्चिमेकडे निघालेले लोक लोखंडी भांड्यात, झाकणावर निखारे ठेवून कॉबलर करायचे. ते कळल्यापासून हा पदार्थ मला परका वाटत नाही.

सांगलीहून

आम्ही जैन. घरात अंडं येत नाही, त्यामुळे केकच्या बहुतेक कृती मला बदलून घ्याव्या लागतात. कॉबलरमध्ये मुळातच अंडं नसतं, हे कळल्यावर फार बरं वाटलं. सासूबाई सूर्यास्ताआधी जेवतात, म्हणून पाचला ओव्हन लावते. आमच्याकडे पेरू चालतो, बिया काढून, दालचिनी घालून. चिकू नको, त्याची खीर होते. डाळिंबाचे दाणेही नकोत, दाताखाली नुसत्या बिया येतात.

तासगाव तालुक्यातून

आमची द्राक्षबाग आहे. दोन वर्षांपूर्वी माल काढायला आठ दिवस राहिले असताना अवकाळी झाला. रात्रभर पाऊस, सकाळी घडाघडांत मणी तडकलेले. तडकलेला मणी पेटीत जात नाही आणि ठेवला तर लगेच बुरशी धरते. व्यापारी बांधावरूनच परत गेला. मालक दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी बागेत गेले. जे घड वाचले होते त्यांतले पाटीभर चांगले मणी खुडून आणले. मुलीनं कॉबलरची कृती शोधली होती, म्हणाली, आई, फेकण्यापेक्षा करू. द्राक्षालाही पाणी सुटतं, म्हणून मणी आधी कढईत 3 चमचे साखर आणि अर्ध्या लिंबाच्या रसात परतून घेतले, कॉर्नफ्लोअर लावून दाट केले. थोडा घरचा बेदाणा टाकला, तो रस पिऊन टच्च फुगतो. वर पीठ ओतलं नाही. थोडं घट्ट मळून चमच्यानं गोळे सोडले, मधे फटी ठेवल्या म्हणजे वाफ निघून जाते. सातारच्या ताईंनी हा प्रकार करून बघावा, मधे कच्चं राहत नाही.

रात्री जेवणानंतर गरम गरम वाढलं, वर घट्ट साय. मालकांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "गोडी भरली होती गं मालात." दोन दिवसांनंतरचं ते पहिलं बोलणं. मग बराच वेळ बोलत राहिले, छाटणीपासूनचं सगळं.

पुन्हा साताऱ्याहून

तासगावच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. काल गोळे सोडून केला, वाईच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे रस गाळून आणि आटवून. 40 मिनिटांत मधे सुरी घातली, कोरडी बाहेर आली. या आठवड्यात मंडईतून द्राक्षं आणणार आहे. बेदाणा मणी परतताना घालायचा की नंतर, तेवढं सांगा.