तिगुन-चौगुन पक्की करायची तर आकडे मोजायचे की बोल म्हणायचे?

मिरजेचा तबला
परीक्षा जवळ आल्या की सांगली-मिरजेच्या क्लासांत मुलं तिगुन-चौगुन, म्हणजे एका मात्रेत तीन किंवा चार अक्षरं, आकड्यांनी मोजत बसतात. माझ्या मते लय चढली की आकडे सोडून द्यावेत. अडचण जिभेची आहे. एक, दोन, तीन, चार, पाच एका झटक्यात तोंडातून निघतात. सहा, नऊ, दहाला दोन झटके लागतात आणि अकरापासून सोळापर्यंत तर सगळेच जड. मिनिटाला साठच्या लयीत मात्रा, म्हणजे तालाचा एक ठोका, एका सेकंदाची. चौगुनीत तेवढ्यात चार अक्षरं बसवायची असतात, तिथे 'तेरा चौदा पंधरा सोळा' कसं मावणार? जीभ अडखळली की हातही अडखळतो. त्यापेक्षा दोनाला तक, तिनाला तकिट, चाराला तकधिमि, पाचाला तकतकिट, साताला तकिटतकधिमि म्हणा आणि टाळी फक्त पहिल्या अक्षरावर द्या.

पेटीवाली, सातारा
दादा, बोल हवेतच, पण तकिट म्हणता आलं म्हणून आपण तालात कुठे आहोत ते कळत नाही. सोळा मात्रांच्या तीनतालाचा ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, एकदाच तिगुनीत म्हणून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायचंय. सोळाला तिनाने भागलं की पाच पूर्ण एक तृतीयांश मात्रा येतात. म्हणजे ठेका अकराव्या मात्रेच्या शेवटच्या तृतीयांशात सुरू होतो. अकरावी 'ऽऽधा' (ऽ म्हणजे रिकामी जागा), बारावी 'धिंधिंधा', तेरावी 'धाधिंधिं', चौदावी 'धाधातिं', पंधरावी 'तिंताता', सोळावी 'धिंधिंधा'. ही जागा नुसत्या बोलातून सापडत नाही, त्याला आकडाच लागतो.

हलगी, तासगाव
आमच्याकडे हलगीवाला काहीच मोजत नाही. जाड काडी जोर देते, बारीक काडी मधली जागा भरते, आणि लेझीम कितीही पळाली तरी घाव चुकत नाही. आधी पायानं ठेका धरायला शिकवा, मोजणं नंतर बघू.

पेटीवाली, सातारा
पायाचं म्हणणं सोळा आणे खरं. पण लेझमीचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, आखूड, जोर लगेच परत येतो, म्हणून मोजावं लागत नाही. तीनतालात खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा, नवव्या मात्रेला आहे. तिथवर पोचेपर्यंत पाय 'आठ की नऊ?' असं विचारत बसतो. त्यासाठी बोटांची पेरं वापरावीत. एका बोटाला तीन पेरं आणि टोक मिळून चार मात्रा. करंगळीवर एक ते चार, अनामिकेवर पाच ते आठ, मधल्या बोटावर नऊ ते बारा, तर्जनीवर तेरा ते सोळा. अंगठा मधल्या बोटावर आला की खाली आली. आकडे बोटांत राहतात आणि तोंड बोलांना मोकळं मिळतं.

मिरजेचा तबला
पेरांचं मी मान्य करतो, ताई. पण खरी चूक मात्रेच्या आत होते, तिथे पेरं काय करणार? चौगुनीची सवय लागलेला हात तिगुन वाजवतो तेव्हा तकिटचं 'तकिटऽ' होतं, म्हणजे पहिली दोन अक्षरं आखूड आणि तिसरं दुप्पट लांब. ऐकणाऱ्याला घोडा दौडल्यासारखं वाटतं. शोधायचा उपाय असा: टाळी पहिल्या अक्षरावर न देता दुसऱ्यावर द्या, मग तिसऱ्यावर. अक्षरं सारखी नसतील तर तिसऱ्याची टाळी लगेच डगमगते. मग तासभर दादरा तालातच बसा, तिथे तिनाची चाल आधीच आहे.

पखवाज, लोणंद
अॅपचा विषय निघालाच नाही. लेहरा, म्हणजे तालाच्या मापाची फिरती धून, लावून सराव छान होतो, पण टिकटिक प्रत्येक अक्षरावर लावू नका. यंत्र मोजतं आणि माणूस नुसता मागे धावतो. आधी टिकटिक मात्रेवर, मग फक्त एक, पाच, नऊ, तेरावर, शेवटी फक्त समेवर. साठवर दुगुन, तिगुन, चौगुन प्रत्येकी आठ आवर्तनं, आणि मग उलट क्रमाने उतरा. लय सुटते ती उतरताना. चौगुनीवरून तिगुनीवर येताना मात्रा हटकून पळते.

आणि आड लय कुणी दोनास तीन, म्हणजे दोन मात्रांत तीन अक्षरं, म्हणून सांगितली तर लिहून दाखवायला सांगा. तकिट दोन मात्रांत बसवायचा तर सहा घरं पाडायची: 'तऽकि' आणि 'ऽटऽ'. दुसऱ्या टाळीवर काहीच नाही, 'ट' तिच्यानंतर येतो. बहुतेक जण 'ट' टाळीवर आपटतात आणि आडीची दुगुन होऊन बसते.

मिरजेचा तबला
हे 'ऽटऽ' कितीही वेळा मोजा, येत नाही. पुन्हा पुन्हा म्हणून जिभेवर बसलं तरच येतं. मी माझ्या मतावर ठाम आहे.

पेटीवाली, सातारा
आणि मी माझ्या. पेरं दहा मात्रांच्या झपतालात अपुरी पडतात, दोन-तीन-दोन-तीनचे खंड बोटावर बसत नाहीत. तिथे भागाकारच कामी येतो. मात्रांना तिनाने भागा. बाकी शून्य असेल, जसा बारा मात्रांचा एकताल, तर तिगुन मात्रेच्या तोंडाशी सुरू होते, म्हणजे नववीला. बाकी एक असेल तर आधी दोन अवग्रह (ऽ): झपतालात सातवी मात्रा 'ऽऽधी', आठवी 'नाधीधी', नववी 'नातीना', दहावी 'धीधीना'. बाकी दोन असेल तर एकच अवग्रह. चौदा मात्रांच्या धमारात दहावी मात्रा 'ऽकधि'. पखवाजवाल्यांनी हे एकदा टाळी देऊन म्हणून बघावं.

पखवाज, लोणंद
म्हणून पाहिलं. 'ऽकधि, टधिट, धाऽग, तिटति, टताऽ', आणि सम बरोबर 'क'वर आली.